सगळ्यांना विचारून

परवा कूलरच्या ताट्या बदलल्या. जुन्या ताट्यांनी मागच्या उन्हाळ्यात गाळ धरला होता, त्या वाळून टणक झाल्या होत्या. नव्या वाळ्याच्या आणल्या, पाणी सोडलं, आणि घरभर तो ओला, मातकट, जरासा गोड वास सुटला. या वासाला एक खोड आहे, तो माझ्यापुढे दरवर्षी एकच उन्हाळा आणून ठेवतो. रायपुरात मी जन्मापासून उन्हाळे काढतेय. बाकीचे सगळे एकमेकांत मिसळून गेले. हा एक काही मिसळत नाही.

खोटं कशाला बोलू, आठवण गोड नाही. त्या उन्हाळ्यात एका माणसाची नोकरी दोन दिवस माझ्या हातात होती. ती वाचवायला दोन मिनिटांचं काम पुरलं असतं. ते करायचं सोडून मी लोकांची मतं गोळा करत बसले. रडून सांगण्यासारखं हे नाही, आणि आता रडूही येत नाही. वाळ्याचा वास आला की मी फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत ते सगळं एकदा बघून घेते.

राज्य नवं होतं. सरकारी पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' पांढऱ्या रंगाखाली दडपून वर 'छत्तीसगढ़' लिहिलेलं असायचं, आणि पहिल्या उन्हाळ्यातच रंग पोपडून जुनं नाव खालून डोकवायचं. मंत्रालय भरायचं जुन्या इस्पितळात. आमची संगणक शाखा ज्या लांबलचक दालनात होती तिथं भिंतीवर खाटांचे नंबर अजून दिसत. मी नऊ नंबरखाली बसायची. शेजारचे बाबू गंमत करत, "दीदी, नौ नंबर का मरीज़ कैसा है आज?" बाबा रेल्वेत होते, गोंदियाहून बदलून आले आणि इथंच राहिले. त्यांच्या पिढीला गाव म्हणजे गोंदिया. आम्हाला मात्र गाव म्हणजे हेच, आणि हे गाव आता राजधानी झालं होतं. एका रात्रीत आपली पत वाढल्यासारखं वाटायचं. काहीही सुरू करावं, कोणी अडवणार नाही, असे ते दिवस होते.

मी सुरू केलं एक पान. तेव्हा गावात पंधरावीस पोट्टे-पोट्टी अशी होती की ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. म्हणजे ज्याचं आतलं सगळं उघडं असतं, कोणीही बघावं, बदलावं, पुढे द्यावं, असं सॉफ्टवेअर. लिनक्सच्या सीडी एकमेकांना देताना आमच्या तोंडावर प्रसाद वाटल्याचा भाव असायचा. प्रत्येकाचा स्वतःचा ब्लॉग होता. कोण काय लिहितंय हे पाहायला पंधरा दारं वाजवावी लागत. म्हणून मी एक यंत्रणा बसवली. ती दर तासाला सगळ्यांच्या ब्लॉगवर फेरी मारायची, नवं काही दिसलं की त्याची नक्कल आणायची आणि एका पानावर ओळीनं मांडायची. सगळ्यात ताजं सगळ्यात वर.

पानाचं नाव आम्ही 'बासी' ठेवलं. छत्तीसगढ़ी घरात उन्हाळ्यात आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजत ठेवतात आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची लावून खातात, ती बासी. आमच्या पानावर तरी दुसरं काय होतं? दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलं, आमच्याकडे वाढलेलं. मला 'बासीवाली दीदी' म्हणायला लागले. मला ते आवडायचं.

आमच्या यंत्रणेची एक सवय इथं सांगून ठेवते. आणलेलं ती टाकत नसे. लिहिणाऱ्यानं आपल्या ब्लॉगवरून लेख काढून टाकला तरी 'बासी'वरची नक्कल तशीच राहायची. ती काढायची तर माझ्याकडच्या पासवर्डनं आत जाऊन हातानं काढावी लागे. आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे. पान सगळ्यांचं, किल्ली एकटीची. हे तेव्हा कोणाला खटकलं नाही, मला तर मुळीच नाही.

आमची बैठक रविवारी सकाळी पंडरीत व्हायची. तिथं कापडबाजारात दुबे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानांचे पडदे ओढलेले, कोऱ्या ताग्यांचा खळीचा वास जिन्यात भरून राहिलेला. वर एक कूलर, त्याच्यासमोरची जागा धरायला सगळे लवकर येत. दुबे सर पन्नाशीचे, बोलायला लागले की थांबत नसत, पण चहा आणि समोसे त्यांच्याकडूनच असायचे. अंकुर नावाचा एक इंजिनिअरिंगचा पोट्टा होता, सगळ्यात तेज आणि सगळ्यात भांडखोर. आणि होता प्रशीक.

प्रशीक रामटेके. बावीस वर्षांचा, बारीक, शर्टाची वरची गुंडी लावणारा. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे कामाला आले होते, वडील सिलतऱ्याच्या बाजूला एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. मी त्याच्याशी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आमच्याकडची अर्धी पोरं अशीच. "तुले मराठी येत नाही का रे?" म्हटलं की लाजायचा, "समझता हूँ न दीदी, सब समझता हूँ." लिहायला बसला मात्र की असं स्वच्छ लिहायचा, दुबे सर मोठ्यानं वाचून दाखवायचे.

नियम त्यानंच आणला. हिवाळ्यात एकानं आपल्या ब्लॉगवर दुबे सरांच्या क्लासची टिंगल केली होती, सर चिडले, मी मुकाट्यानं ती टिंगल 'बासी'वरून काढली. पुढच्या रविवारी प्रशीक उभा राहिला. एरवी बोलायला कचरणारा पोरगा, पण त्या दिवशी आवाज चढला. म्हणाला, आपण सगळं उघडं असावं म्हणतो, मग काय ठेवायचं आणि काय काढायचं हे एकट्या दीदी कसं ठरवणार? आज सर चिडले, उद्या सरकार चिडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं की 'बासी'वरून काहीही काढायचं तर यादीवर, म्हणजे आमच्या सामायिक ईमेलवर, सगळ्यांना विचारायचं आणि रविवारच्या बैठकीत निकाल लावायचा. मलाही बरं वाटलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो आपल्या पानावर येऊन बसला असं वाटलं.

मग उन्हाळा आला. रायपूरचा उन्हाळा सांगायचा तर आधी पायांपासून सुरुवात करावी लागते. गच्चीवर अनवाणी दोन पावलं टाकली की तळवे काळे. वाळत घातलेल्या साड्यांवर काळी बारीक रेघ. खिडकीची फळी पुसली, जेवलं, हात धुवून आलं की पुन्हा बोट उमटावं इतकी धूळ. बाहेर पडताना आई पर्समध्ये कांदा टाकायची, लू लागू नये म्हणून. मंत्रालयातून दुपारी घरी आलं की पन्ह्याचा तांब्या तयार असायचा. मोहाचा वास वाऱ्याबरोबर गावाबाहेरून यायचा, वरातीचे बँड संध्याकाळी सुरू व्हायचे, आणि माझा कॉम्प्युटर टेबलावर पोट उघडं टाकून बसलेला असायचा, आत टेबलफॅनचा वारा सोडलेला. आई जाता-येता म्हणायची, "त्याले पंखा, अन् बापाले हातपंखा."

काळ्या धुळीबद्दल कोणी बोलत नसे. ती होती, बस. जशी उन्हाळ्यात लू, तशी धूळ. प्रशीकला मात्र ती मोजाविशी वाटली. त्याच्या आईची एक पांढरी चिनी मातीची थाळी होती. ती तो संध्याकाळी गच्चीवर ठेवायचा, सकाळी तिचा फोटो काढायचा. एक छोटा प्रोग्राम लिहून थाळी किती काळी झाली हे तो रोज मोजायचा. एकदा बैठकीत त्यानं ती धूळ पुडीत आणली, कोऱ्या कागदावर पसरली आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. धूळ केसांसारखी ताठ उभी राहिली, चुंबकामागे चालायला लागली. दुबे सर म्हणाले, "यार, ये तो हम साँस में ले रहे हैं!" आणि मग समोसे आले.

एका मंगळवारी त्यानं ते सगळं लिहिलं. 'हमारी छत की थाली' असं नाव. फोटो होते, आलेख होता. नुसतं तेवढंच असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं, धूळ काय सगळ्यांच्याच गच्चीवर होती. पण शेवटी त्यानं वडिलांचं लिहिलं. ते कामावरून येतात, नळाखाली बसून दगडानं पाय घासतात, आणि घासता घासता सांगतात की अंधार पडला की धूर गाळायचं यंत्र बंद करायला लावतात, विजेचा खर्च वाचतो म्हणून, आणि उजाडायच्या आत परत सुरू करतात. म्हणून थाळी एका रात्रीत एवढी काळी होते. कारखान्याचं नाव लिहिलं नव्हतं, वडिलांचंही नाही. पण खाली स्वतःचं नाव होतं. रामटेके नावाचा भट्टीवरचा माणूस त्या कारखान्यात एकच होता. पोराला हे कळलं नाही. आम्हा कोणालाच कळलं नाही, आम्ही वा वा करत होतो.

गुरुवारी कारखान्याच्या साहेबांनी रामटेके काकांना, म्हणजे प्रशीकच्या वडिलांना, बोलावून घेतलं. शनिवार संध्याकाळपर्यंत लेख दिसता कामा नये, नाही तर सोमवारी गेटवर येऊ नका. काकांनी घरी येऊन पोराला सांगितलं, पोरानं त्याच क्षणी ब्लॉगवरून लेख काढून टाकला. घरात सगळे निवांत झोपले म्हणे. शुक्रवारी दुपारी साहेबांनी काकांना पुन्हा बोलावलं आणि आपला कॉम्प्युटर दाखवला. समोर 'बासी' उघडलेलं. लेख जिथल्या तिथं.

प्रशीकचा फोन मला ऑफिसात आला. मागून ट्रकचे आवाज येत होते, तो रस्त्यावर उभा राहून बोलत होता. सगळं सांगितलं त्यानं, मुदतीसकट. "दीदी, आप हटा दो न. आज ही हटा दो."

मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. इंटरनेट चालू होतं. पासवर्ड पाठ होता. मी म्हटलं, "अरे, पण नियम आहे न आपला. सगळ्यांना विचारावं लागेल."

तो म्हणाला, "हव दीदी. नियम तो मेरा ही है."

"मी आत्ताच यादीवर टाकते. कोणी नाही म्हणणार नाही रे. आणि असे साहेब लोक धमक्या देतात, खरंच काढत नाहीत कोणी."

"ठीक है दीदी. पूछ लो."

हे मी आजवर हजार वेळा ऐकलंय, 'पूछ लो.' त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी घाबरून लेख काढला तरी असता.

यादीवर मी लिहिलं की प्रशीकचा लेख काढावा का, कृपया मत द्या, तातडीचं आहे. आणि मतं आली. बाप्पा, काय मतं आली! वर्षभर ज्यांनी एक ओळ लिहिली नव्हती ते परिच्छेद लिहायला लागले. दुबे सरांनी लिहिलं, "सवाल एक लेख का नहीं, उसूल का है." त्याखाली चौघांनी 'प्लस वन' लिहिलं, म्हणजे आमचंही हेच मत. कोणी म्हणे, एक ओळ काढा, बाकी ठेवा. कोणी म्हणे, कारखान्यालाही बाजू मांडायला सांगा. प्रत्येक जण शेवटी लिहायचा, "प्रशीक, हम सब तुम्हारे साथ हैं." प्रशीकनं एकच ओळ लिहिली होती, "पापा की नौकरी का मामला है." तिच्याखालीही एकानं 'प्लस वन' लिहिलं. काय समजून, देव जाणे.

शनिवारी अक्ती होती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. इकडे त्या दिवशी मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पोरी हळदीचे तांदूळ घेऊन दारोदार आमंत्रण देत होत्या, आमच्याही दारात आल्या. आई त्यांच्या बाहुलीला द्यायला चिंधीची साडी शिवत बसली होती. मी आत स्क्रीनला चिकटलेली. आणि आता खरी गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितली नाही. त्या दोन दिवसांत 'बासी'वर जितकी माणसं आली तितकी त्याआधी कधी आली नव्हती. येणाऱ्यांचा आकडा दाखवणारी एक खिडकी होती. मी ती दर थोड्या वेळानं उघडून बघत होते. वाढत होता. मला आनंद होत होता. माझ्या पानावरून लोक भांडत होते, ते पानही काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटत होतं. नियम होता, खरंय. पण नियमाआड मी मजेत बसले होते.

आईनं विचारलं, "काय वं, काय चाललंय एवढं?" मी थोडक्यात सांगितलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "पोट्ट्याचा बाप घरी बसन न वं अशानं."

"विचारतेय न सगळ्यांना."

"तुह्या बाबाची बदली निघाली तवा त्याच्या साहेबानं थांबवली. तुले कोनी विचारलं होतं का, थांबवाची का नाही?"

मला तेव्हा याचा अर्थ लागला नाही. चिडलेच मी. आईला काय कळतं, असं मनात म्हटलं.

शनिवारी दुपारी अंकुरनं आपल्या ब्लॉगवर तो सगळा लेख उतरवून टाकला, वर लिहिलं की सच मिटता नहीं. 'बासी'ची यंत्रणा फेरीवर आली, तिला काय, नवं दिसलं, तिनं उचलून आणलं. आता लेख दोन झाले, एक अंकुरच्या नावानं थेट वर. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी अंकुरला फोन लावला, तो उचलला नाही. शनिवारची संध्याकाळ अशी गेली. बाहुला-बाहुलीचं लग्न लागलं, पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडे सिलतऱ्याच्या बाजूला आभाळ रोजच्यासारखं मळकट तांबडं झालं.

रविवारी पंडरीत सगळे आले. कधी नाही ते कूलरच्या पुढे उभं राहायलाही जागा नव्हती. दुबे सर बोलत होते. मतं मोजली तर ठेवा म्हणणारे जास्त होते. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि प्रशीक आला, त्याच्यामागे रामटेके काका. डोक्याला गमछा, पँटच्या पायाला सायकलची पिन, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. एवढ्या लांबून उन्हात दोघं एका सायकलवर आले होते. पोरांनी खुर्ची दिली, कोणी पाणी आणलं. काका पाणी प्याले, गमछ्यानं तोंड पुसलं, भिंतीकडेच्या कॉम्प्युटरांकडे बघितलं. आम्ही मराठी बोलतो हे त्यांना प्रशीकनं सांगितलं असावं, कारण ते सरळ मला म्हणाले,

"ताई, हे कोन काढू शकते?"

"मीच, काका."

"दुसरं कोनी नाही?"

"नाही."

"मंग यायले काहून विचारून राहिल्या तुम्ही?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. भट्टीवर काही बिघडलं तर ज्याच्या हाताशी दांडा असतो तो ओढतो, तिथं मत घेत नाहीत. कूलर घरघरत होता. दुबे सर, ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, ते नखं बघत होते.

मी कॉम्प्युटरवर बसले. काका उठून मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "थांबा. अगोदर मले वाचू द्या. ह्यानं घरी दाखवलाच नाही."

त्यांनी वाचला. हिंदी सावकाश वाचायचे, ओठ हलवत, मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून. फोटोंपाशी थांबले. आलेख काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. पाय घासायची गोष्ट आली तेव्हा त्यांचं बोट काचेवर तिथंच राहिलं. शेवटपर्यंत वाचून ते सरळ उभे राहिले. पोराकडे नाही बघितलं, माझ्याकडेच बघून म्हणाले,

"खरं लिहिलं. मिटवा."

मी मिटवला. अंकुरची नक्कल मिटवली. अंकुर कोपऱ्यात होता, त्यानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून आपल्या ब्लॉगवरची काढली. मी यंत्रणेच्या पोटात जिथं जिथं नक्कल साठायची तिथून ती काढली, जपून ठेवलेल्या प्रतीतूनही. काका विचारत होते, "पक्कं गेलं?" मी पुन्हा पान उघडून दाखवलं. "पक्कं, काका." सगळ्याला दोन मिनिटं लागली नाहीत. मी घड्याळ बघितलं होतं.

बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. सोमवारी काका वेळेवर गेले. गेटवर हजेरीत नाव घेतलं नाही. उन्हं डोक्यावर येईस्तो ते तिथं उभे होते, आत निरोप धाडत होते की लेख काढलाय, येऊन बघा. कोणी आलं नाही. सव्वीस वर्षं त्या भट्टीच्या धगीत गेली होती. पुढे नवी राजधानी बांधायला लागले तिकडे एका अर्धवट इमारतीवर ते चौकीदार झाले, असं कळलं. प्रशीकनं काही मला दोष दिला नाही. यादीवरून नाव काढायला सांगितलं, तेही आदरानं, "जब समय मिले तब, दीदी." यावेळी मी कोणाला विचारलं नाही. तो वर्षभरात पुण्याला गेला, नोकरी लागली, चांगली लागली. पण त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही. 'बासी'ची यंत्रणा दर तासाला त्याच्या ब्लॉगवर जाऊन रिकामी परत यायची. शेवटी मीच तिचा तो हेलपाटा बंद केला.

पान पुढे तीन-चार वर्षं चाललं. मग लोकांना लिहायला दुसऱ्या जागा मिळाल्या, जिथं सगळं आपोआप एकत्र येतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणी विचारतही नाही. एके दिवशी मी 'बासी' बंद केलं. त्याबद्दल मात्र कोणाची मतं आली नाहीत.

मी कधी कधी स्वतःची बाजू मांडून बघते. नियम वाईट नव्हता. एकट्या माणसानं ठरवू नये हे आजही मला पटतं. आम्हा पंधरावीस जणांना खरंच वाटायचं की सगळं उघड्यावर आणलं की सगळं नीट होतं. फक्त त्या उघड्यावर कोण उभं आहे, हे बघायची सवय आम्हाला नव्हती. आमचे पगार सरकारचे, आमचे क्लास आमचे, आमचे बाप रिटायर झालेले. उसूल परवडत होता. इथवर आलं की मी बाजू मांडायचं सोडते. मला लाज वाटते, आणि ती वाटावीच असं मला वाटतं.

आणि परवा, ताट्या आणायला गेले होते तेव्हाच, येताना तेलीबांध्याच्या तळ्यावर थांबले. आता तिथं कडेनं चालायचा रस्ता आहे, दिवे आहेत, कुल्फीवाले आहेत. ऊन उतरलं होतं. बाकावर एक म्हातारा बसला होता, शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरगी कुल्फी खात होती. मी पुढे गेले होते, मागून हाक आली.

"ताई! ओळखलं का?"

आवाजानं ओळखलं. काका वाळले होते, दात गेले होते, पण पांढरा शर्ट तसाच धुतलेला. ही प्रशीकची लेक, उन्हाळ्याच्या सुट्टीत आली आहे, म्हणाले. तब्येतीचं झालं, पुण्याचं झालं. मला निघावंसं वाटत होतं आणि निघवतही नव्हतं. मग ते जरा पुढे सरकले.

"ताई, ते तुमचं पान होतं न, त्याच्यात सगळं राह्यते म्हनत होते. लिहिनाऱ्यानं काढलं तरी राह्यते."

"हो काका. तसंच होतं ते."

"तं मंग तो थाळीचा लेख तेवढा द्या न मले काढून. हिले दाखवाचा हाये. तुहा बाप लिहीत होता म्हनलं तं मानतच नाही हे. त्याले मागतलं तं म्हनते, माह्यापाशी नाही."

पोरगी कुल्फीतून मान वर काढून बघत होती.

"काका, तो तर मिटवला न आपण. त्या दिवशी. तुमच्यासमोर."

"हव, ते आठवते मले." "पन तुमच्यापाशी असन कुठी तरी. एखादा."

"नाही काका. तुम्ही विचारलं होतं, पक्कं गेलं का म्हणून. मी पक्कं मिटवलं."

काका म्हणाले, "हव." आणि पोरीच्या हनुवटीवरची कुल्फी गमछ्यानं पुसत तिला म्हणाले, "सच्ची में लिखता था तेरा बाप. इन दीदी से पूछ ले."